हार्ड डिस्क टकटकू लागली तेव्हा: आधी काय टाळावे, नंतर काय घ्यावे

नमस्कार. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फोंड्याजवळच्या आपल्या घरची वीज तासाभरात तीन-चार वेळा गेली-आली आणि त्या वेळी डेस्कटॉपला जोडलेली २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क दुसऱ्या दिवसापासून उघडेना, असे आपण लिहिले आहे. आधी डिस्क फॉर्मॅट करण्याची सूचना पडद्यावर येत होती, दोन दिवसांनी तीही येईनाशी झाली आणि आता केबल जोडली की आतून टकटक असा आवाज येऊन डिस्क थांबते. तिच्यात ११ वर्षांची घरची छायाचित्रे, गावच्या उत्सवात झालेल्या मराठी नाटकांची चित्रीकरणे आणि आपल्या वडिलांच्या कीर्तनाच्या वह्यांचे स्कॅन आहेत, आणि या कशाचीही दुसरी प्रत नाही. एका दुकानदाराने डिस्क फॉर्मॅट करून सॉफ्टवेअरने फाइली काढून देण्याची तयारी दाखवली, तर दुसऱ्याने झाकण उघडून पाहू असे सुचवले. आपण दोघांनाही थांबवले आणि मग विचारले, की यातून काही वाचेल का आणि पुढे बॅकअपसाठी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची साठवण), मोठी हार्ड डिस्क, नेटवर्कवर चालणारी पेटी किंवा क्लाउड यांपैकी काय घ्यावे. दोघांना थांबवलेत हे फार योग्य झाले. वाचण्याची जी शक्यता आज शिल्लक आहे, ती बहुतांशी त्या एका निर्णयामुळे आहे.

मी गेली २२ वर्षे मडगावात संगणकदुरुस्तीचे आणि त्यातही साठवणीच्या उपकरणांचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या मृत डिस्कपैकी अनेक डिस्क पहिल्या बिघाडाने गेलेल्या नसतात. बिघाडानंतरच्या दोन-तीन दिवसांत घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी जे प्रयत्न केले, त्यांनी त्या गेलेल्या असतात. म्हणून पहिली विनंती अशी, की ती डिस्क आता कशालाही जोडू नका. दुसरी केबल लावून पाहणे, भावाच्या लॅपटॉपला लावून पाहणे, रात्री थंडाव्यात एकदा लावून पाहणे, यांतले काहीही करू नका. टकटक आवाज सुरू झाल्यानंतर केबल बदलून पाहण्याची वेळ निघून गेलेली असते.

याचे कारण आतल्या रचनेत आहे. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि वाचन-लेखन करणारी हेडे त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतात. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट असते, धुराचा कणही त्यापुढे डोंगराएवढा ठरतो. वीज अचानक गेली, तर फिरत्या मोटरमधून क्षणभर मिळणारी वीज वापरून डिस्क आपली हेडे घाईने बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवते. ही सोय आणीबाणीसाठी आहे. तासाभरात चार वेळा तिचा उपयोग झाला, आणि दरवेळी वीज परत येताना दाबही वरखाली झाला, तर एखादे हेड दुबळे होऊ शकते. दुबळे हेड तबकडीवरील मार्गदर्शक खुणा वाचू शकत नाही, म्हणून हेडे धरणारी भुजा मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते. तोच आपल्याला ऐकू येणारा ठोका. अशा हेडाचा तबकडीला स्पर्श झाला, तर त्यावरील चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेला थर म्हणजे भुकटी झालेली माहिती आहे, आणि ती जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही. चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट हा धोका वाढवतो.

आपल्याला आलेल्या फॉर्मॅटच्या सूचनेबद्दलही सांगायला हवे, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. डिस्कवर फाइलींची नावे, त्यांच्या जागा आणि आकार यांची एक अनुक्रमणिका असते. ती ज्या भागात आहे तो भाग वाचता आला नाही, की विंडोज त्या डिस्कला कोरी समजते आणि ती वापरायची असल्यास फॉर्मॅट करा असे सुचवते. फाइली तेव्हाही जागच्या जागीच असतात. त्या वेळी होय म्हटले, तर जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी नवी रिकामी अनुक्रमणिका लिहिली जाते, आणि पूर्ण फॉर्मॅट निवडला तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्या पहिल्या दुकानदाराची पद्धत एखाद्या निरोगी डिस्कवरून चुकून पुसलेल्या फाइलींसाठी कदाचित चालली असती. आजारी हेडांच्या डिस्कवर लिहिणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला पळायला लावणे आहे.

चेक-डिस्क हा विंडोजचा दुरुस्ती आदेशही याच कारणासाठी टाळावा. तो अनुक्रमणिका सुसंगत करण्यासाठी बनवला आहे, आपल्या फाइली वाचवण्यासाठी नाही, आणि विसंगत वाटणारी नोंद तो बिनदिक्कत कापून टाकतो. काही वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका छायाचित्रकाराने रात्रभर हा आदेश चालवून सकाळी डिस्क माझ्याकडे आणली. लग्नांच्या फोल्डरांच्या जागी निनावी तुकड्यांनी भरलेले एकच फोल्डर उरले होते. त्या तुकड्यांतून छायाचित्रे काढता आली, पण कोणते चित्र कोणत्या लग्नाचे हे लावायला त्यांना तीन आठवडे लागले आणि लांबलचक चित्रफिती तर जोडताच आल्या नाहीत.

मोबाइलवर फिरणाऱ्या आणखी दोन युक्त्यांपासून आपल्या भागात विशेष सावध राहावे. एक, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून मग चालवणे. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वारंवार ९० टक्क्यांच्या वर असते. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर पाण्याचे दव लगेच धरते आणि ते आत तबकडीवरही धरू शकते, कारण साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी गाळणी बसवलेले बारीक छिद्र असते. दोन, तशाच दुसऱ्या डिस्कचे हिरवे सर्किट बोर्ड काढून हिच्यावर बसवणे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे कधीकधी जमत असे. आता प्रत्येक बोर्डावरील एका चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांची कारखान्यात मोजलेली मापे लिहिलेली असतात, त्यामुळे ती चिप किंवा तिच्यातील मजकूर नव्या बोर्डावर नेल्याशिवाय बदललेले बोर्ड चालत नाही आणि नुकसानही करू शकते. शिवाय अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट या बोर्डावरच जडवलेली असते, आणि काहींत आपण पासवर्ड लावलेला नसला तरी सगळी माहिती बोर्डावरच सांकेतिक रूपात बदलून मग तबकडीवर लिहिली जाते. अशा डिस्कचे मूळ बोर्ड हरवले, की तबकड्या धडधाकट असूनही त्यावरील मजकूर वाचता येत नाही. म्हणून कोणी डिस्क उघडलीच असेल, तर निघालेला एकही भाग फेकू नये.

आता बिघाडांची ओळख. आपली डिस्क बहुधा हेडांच्या बिघाडात मोडते. जिच्यातून बीप असा बारीक आवाज येतो आणि तबकड्या फिरतच नाहीत, तिची हेडे तबकडीला चिकटलेली असतात किंवा मोटर अडकलेली असते. तीही प्रयोगशाळेचीच बाब आहे. मात्र जी डिस्क शांतपणे फिरते, ठोके देत नाही, पण अधूनमधून गायब होते, तिच्या बाबतीत आधी केबल आणि पोर्ट यांचा संशय घ्यावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाह देण्यासाठी ठरवलेला आहे, आणि फिरायला सुरुवात करताना डिस्कला सर्वाधिक प्रवाह लागतो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लांब, स्वस्त केबल लावली की तो प्रवाह पुरत नाही. किनारपट्टीवर, म्हणजे कळंगुट, कोलवा, बाणावली या बाजूच्या घरांतून येणाऱ्या डिस्कमध्ये आणखी एक दोष मला वारंवार दिसतो. बोर्ड आणि आतला सीलबंद भाग यांना जोडणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवर खाऱ्या दमट हवेने काळपट थर चढतो आणि जोडणी क्षीण होते. जाणकाराने बोर्ड उतरवून ते ठिपके हळुवार साफ केले, की अशी डिस्क पुष्कळदा पहिल्यासारखी वाचता येते. हा दोष ठोक्यांसारख्या लक्षणांनीही प्रकट होऊ शकतो, म्हणून टकटक करणारी डिस्क गेलीच असे मी बोर्डाखालचे ठिपके पाहिल्याशिवाय कधी म्हणत नाही. आपणास थोडी आशा ठेवायला एवढी जागा निश्चित आहे.

ज्या वाचकांची डिस्क अजून वाचता येते पण मंदावली आहे, त्यांनी एक गोष्ट करावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी दाखवते. तिथे बदलून दिलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा छोटा तुकडा), प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर या तीन ओळी पाहाव्या. प्रतीक्षेतील सेक्टरांची संख्या शून्याच्या वर जाऊन दर दिवशी वाढत असेल, तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे असे समजून त्याच दिवशी महत्त्वाचे फोल्डर उतरवून घ्यावे. वाचन वरचेवर अडकत असेल, तर फाइली एकेक करून ओढण्याऐवजी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या निरोगी डिस्कवर घ्यावी. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारा भाग सोडून पुढे जाते, काय उरले याची नोंद ठेवते आणि शेवटी उरलेल्या भागाकडे परत येते. आजारी डिस्कचे उरलेले आयुष्य सर्वाधिक मजकुरासाठी खर्च व्हावे, हे त्यामागचे तत्त्व आहे. मग टेस्टडिस्क, फोटोरेक यांसारखी हरवलेल्या फाइली शोधणारी विनामूल्य साधने चालवायची ती त्या प्रतिमेवर, मूळ डिस्कवर कधीही नाही. आपल्या डिस्कसाठी मात्र यांतले काहीही करू नये, कारण ठोके देणाऱ्या डिस्कला घरगुती साधनांनी वाचायला लावणे धोक्याचे आहे.

आपल्यापुढे खरा निर्णय प्रयोगशाळेचा आहे. हेडे बदलायची असतील, तर तेच मॉडेल आणि जवळची उत्पादनतारीख असलेली दाती डिस्क, म्हणजे जिची हेडे काढून वापरता येतील अशी डिस्क, शोधून, धूळमुक्त हवेच्या पेटीत किंवा खोलीत, विशेष अवजारांनी ते काम होते. अशा प्रयोगशाळा मुंबई, पुणे, बेंगळुरू या शहरांत आहेत. गोव्यात डिस्क स्वीकारणारे बरेच जण त्यांच्याकडेच पाठवतात, यात गैर काही नाही, पण डिस्क नेमकी कुठे उघडली जाणार हे आपण विचारून घ्यावे. खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून लेखी अंदाज, काही न निघाल्यास शुल्क किती, पैसे देण्यापूर्वी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसणार का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. शंभर टक्के खात्री देणाऱ्याला मी माझी डिस्क देणार नाही. पाठवताना ती स्थिरविद्युतरोधी पिशवीत, चहूबाजूंनी किमान दोन इंच फोम असलेल्या कडक खोक्यात ठेवावी, आणि शक्य असल्यास घरातल्या कोणी कोकण रेल्वेने जाताना स्वतः हातात न्यावी. वॉरंटीच्या मोहात पडून ती कंपनीकडे पाठवू नका. वॉरंटी सहसा बदली डिस्क देते, जुनीवरचा मजकूर देत नाही, आणि जुनी डिस्क सहसा परतही मिळत नाही.

खर्च करण्यापूर्वी आणखी एक काम करावे, ज्यासाठी फक्त चार दिवस आणि काही फोन लागतात. त्या डिस्कवरच्या गोष्टी मुळात कुठून आल्या, हे आठवून एक कागद लिहा. नाटकांचे चित्रीकरण ज्याने केले, त्याच्याकडे मूळ कार्डांची प्रत असू शकते. नाटकात कामे केलेल्यांपैकी कोणी तरी पेन ड्राइव्हवर प्रत मागून नेलेली असते. २०२१च्या १ जूनपूर्वी गुगल फोटोजमध्ये उच्च गुणवत्तेची छायाचित्रे विनामूल्य आणि अमर्याद ठेवता येत होती, त्यामुळे घरातल्या जुन्या खात्यांत अनपेक्षित साठा सापडतो. कपाटातले जुने मोबाइल, कॅमेऱ्याची कार्डे, परदेशी असलेल्या नातेवाइकांना पाठवलेले अल्बम, सगळे तपासावे. माझ्या अनुभवात या शोधातून बऱ्याचदा निम्म्याहून अधिक सामग्री मिळते आणि मग प्रयोगशाळेला नेमके कोणते फोल्डर हवेत, हे सांगता येते.

आता नव्या खरेदीकडे वळतो. इथे माझे मत ठाम आहे: एक उत्तम उपकरण शोधू नका, दोन साधी घ्या. हिशेब करून पाहू. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी २०१३ पासून आपल्या केंद्रांतील हार्ड डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करते आणि तिच्या अलीकडच्या वर्षांच्या नोंदींत वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क बंद पडतात. त्या डिस्क वातानुकूलित जागी, स्थिर विजेवर, जागचे न हलता चालतात, म्हणजे आपल्या पिशवीतल्या डिस्कची स्थिती याहून वाईटच असणार. तरी सोयीसाठी २ टक्के धरू. एका डिस्कच्या बाबतीत वर्षभरात १०० पैकी २ वेळा सर्व जाईल. दोन डिस्क असतील, तर दोन्ही त्याच वर्षी जाण्याची शक्यता १०,००० पैकी ४ होते. दुप्पट पैशांत धोका पन्नासावा हिस्सा झाला. कितीही महागडी एकटी डिस्क घेतली तरी एवढी सुरक्षितता देणार नाही.

पण या गुणाकारात एक अट दडलेली आहे. दोन्ही डिस्कचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरच तो खरा ठरतो. दोन्ही एकाच संगणकाला लावून ठेवल्या आणि वीज कोसळली, तर दोन्ही एकदम जातील. २०२१च्या जुलैमध्ये म्हादईला पूर आला, त्यानंतर सत्तरीतील एका कुटुंबाने दोन डिस्क माझ्याकडे आणल्या होत्या. त्यांनी नेमाने दोन प्रती ठेवल्या होत्या, पण त्या एकाच कपाटाच्या एकाच खणात होत्या आणि पाणी दोन्हींमध्ये शिरले. घरच्यांनी त्या उन्हात वाळवून, मग चालवून पाहिल्या. पाण्यात भिजलेली डिस्क कधीही वाळवू नये आणि चालवू तर मुळीच नये, कारण पाणी उडाले की त्यातला गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ती ओलसर असतानाच पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पोचवायची असते. त्यांचे काहीच वाचले नाही, आणि त्या घरातील आजींनी मला विचारले होते, की दोन ठेवल्या होत्या ना, मग? तेव्हापासून मी प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागांबद्दल अधिक बोलतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो: एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी १ घराबाहेर. आपल्यासाठी तो असा बसवता येईल. कामाची प्रत संगणकात राहील. दुसरी प्रत एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर घरातच, पण संगणकापासून काढून ठेवलेली. तिसरी प्रत तशाच दुसऱ्या डिस्कवर, जी आपल्या मुलीच्या वास्कोच्या किंवा एखाद्या विश्वासू नातेवाइकाच्या दुसऱ्या गावच्या घरी राहील आणि चार महिन्यांनी अदलाबदल होईल. मग वह्यांचे स्कॅन आणि निवडक छायाचित्रे, म्हणजे जे पुन्हा निर्माण होऊच शकत नाही असे १०० ते २०० जीबी, क्लाउडवरही ठेवावेत. सगळे १ टीबी वर चढवायचे म्हटले, तर सेकंदाला १० मेगाबिट चढवणाऱ्या जोडणीवर अखंड नऊ दिवसांहून अधिक लागतील, आणि पावसाळ्यात आपल्या भागात नऊ दिवस जोडणी अखंड राहणे कठीण आहे. निवडक सामग्रीपुरता क्लाउड मात्र मोलाचा आहे, कारण तो आपल्या विजेपासून, पुरापासून आणि आपल्या कपाटापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. एवढे ध्यानात असू द्या, की आपोआप जुळवून घेणाऱ्या सेवेत संगणकावर पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या आणि पुसलेल्या फाइली किती दिवस राखल्या जातात, हे आधी पाहून घ्यावे.

दोन डिस्क घेताना त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या असाव्यात, म्हणजे एकाच उत्पादनातील दोष दोन्हींना बाधणार नाही. आपला साठा दीड टीबीच्या आत असेल, तर २ टीबीच्याच घ्याव्यात, ५ टीबीच्या नकोत. मोठ्या क्षमतेच्या पोर्टेबल डिस्कमध्ये तबकड्या आणि हेडे अधिक असतात, म्हणजे बिघडू शकणारे भागही अधिक. खोक्यावर २ टीबी लिहिले असून विंडोज १.८१ टीबी दाखवते, यात फसवणूक नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, इतकाच फरक आहे. खरी फसवणूक वेगळी असते. दोन हजार रुपयांत १६ टीबीची एसएसडी अशा जाहिराती दिसतात. आत एक छोटे मेमरी कार्ड असते आणि त्याचे नियंत्रक संगणकाला खोटी क्षमता सांगते. खरी जागा भरली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते, आणि फोल्डर मात्र भरलेले दिसत राहते. त्यामुळे कोणतेही नवे उपकरण आल्यावर आधी ते एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या विनामूल्य साधनाने काठोकाठ भरून परत वाचून पाहावे. २ टीबीसाठी सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तितकेच लागतात. या एका चाचणीत बनावट उपकरणही उघडे पडते आणि कारखान्यातून दुबळी आलेली डिस्कही.

एसएसडीबद्दल आपण विशेष विचारले आहे. तिच्यात फिरणारे भाग नाहीत, ती पडली तरी सहसा टिकते आणि वेगही कितीतरी अधिक असतो. रोज पिशवीतून नेण्यासाठी मी तीच सुचवतो. कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी मात्र सुचवत नाही. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात सूक्ष्म पेशींमध्ये असते आणि तो भार वीज न मिळता हळूहळू गळतो. उष्णतेत अधिक गळतो. जेईडीईसी या मानकसंस्थेच्या निकषानुसार, ग्राहकांसाठीच्या एसएसडीने तिची ठरलेली लेखनक्षमता संपल्यानंतर ३० अंश सेल्सिअसला, वीज न देता, १ वर्ष माहिती राखायला हवी. नवी, थोडीच वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ राखते. तरीही आपल्या मे महिन्यातल्या कौलारू घरातील कपाट ३० अंशांच्या वर असते, आणि ती गेली तर अनेकदा काहीही पूर्वसूचना न देता एकदम जाते. हार्ड डिस्क निदान ठोके देऊन सांगते.

नेटवर्कवर चालणाऱ्या पेट्या, म्हणजे नॅस, छोट्या कार्यालयांना उपयुक्त आहेत. त्यांतील आरसा-पद्धतीच्या, म्हणजे एकच मजकूर दोन्हींवर लिहिला जाणाऱ्या, दोन डिस्क एकाच विजेवर, एकाच पेटीत असतात आणि चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते, म्हणून ती पेटी बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. आपल्याला तिची गरज नाही. डीव्हीडीवर प्रती काढण्याचा विचारही सोडावा. गोव्यातल्या दमट कपाटांत बुरशीने डागाळलेल्या किती तरी डीव्हीडी मी पाहिल्या आहेत.

आपल्या हवामानात ठेवण्याची रीत खरेदीइतकीच महत्त्वाची आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर आठवड्यात बुरशी धरते. त्याच हवेत डिस्कही असते. रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवावी, पुड्यांचे दाणे रंग बदलू लागले की त्या बदलाव्या किंवा सुकवून घ्याव्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता घराच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावा. वातानुकूलित गाडीतून किंवा दुकानातून आणलेली डिस्क पिशवीतच दोन तास राहू द्यावी आणि मग जोडावी, म्हणजे दव धरणार नाही. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि घराच्या अर्थिंगची तपासणी एकदा वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. गडगडाट सुरू झाला की बॅकअप अर्धवट असला तरी सुरक्षितपणे काढा असा आदेश देऊन केबल काढावी. प्रत घेण्यासाठी लॅपटॉप वापरता आला तर अधिक चांगले, कारण वीज गेली तरी त्याच्या बॅटरीवर डिस्क सुरळीत चालत राहते.

गोव्यात पावसाळ्याआधी घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. मीठ, सुकी मासळी, चिंच, कोकम, सगळे मे महिन्यात पाहून, उन्हात घालून, बरण्यांत जाते. बॅकअपची वार्षिक तपासणी मी माझ्या ग्राहकांना त्याच आठवड्यात करायला सांगतो. दोन्ही डिस्क एकाच जागी येऊ न देता एकेक करून जोडाव्या, आरोग्यनोंदी पाहाव्या, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-वीस फाइली खरोखर उघडून पाहाव्या. फोल्डर दिसतो म्हणजे फाइल उघडते असे नसते. नाटकाची चित्रफीत मध्यावर आणि शेवटी चालवून पाहावी. फ्रीफाइलसिंक या विनामूल्य साधनात संगणकातील प्रत आणि जोडलेली डिस्क यांवरच्या फाइलींचा मजकूर अक्षरशः तुलना करून पाहण्याची सोय आहे. ती वर्षातून एकदा रात्रभर चालू ठेवावी. पाच वर्षे झालेली डिस्क चांगली चालत असली तरी तिला दुय्यम कामावर टाकून तिच्या जागी नवी आणावी.

शेवटी, वडिलांच्या वह्यांविषयी. स्कॅन झाले म्हणून त्या वह्या कोणाला देऊन टाकल्या नसतील आणि घरात असतील, तर प्रयोगशाळेचे उत्तर येईपर्यंत थांबू नका. पावसाची उघडीप पाहून त्या कोरड्या खोलीत काढा, ओलसर पाने बळजबरीने सुटी करू नका, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने का होईना, खिडकीजवळच्या उजेडात पानन् पान टिपून घ्या. ती चित्रे त्याच संध्याकाळी मुलीला पाठवा, म्हणजे दुसरी प्रत दुसऱ्या गावी पोचलेली असेल. डिस्कच्या मागच्या चिठ्ठीवरील मॉडेल क्रमांक आणि तारीख मला कळवली, तर तिचे बोर्ड कोणत्या प्रकारचे आहे आणि तिला दाती डिस्क मिळणे किती सोपे आहे, हे मी सांगू शकेन.